एल्व्हायराबाईंचं मत माझ्या पोटात

मित्रांनो, लाकडाच्या पेटीला आयुष्य ते काय असणार, असं तुम्हाला वाटत असेल. वाटू द्या. माझ्या पोटात गेली एकशे तीस वर्षं अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या ईस्ट हार्लो गावाची मतं पडत आली आहेत. मी त्या गावाची मतपेटी. वयाने जुनी, लाकडाने पक्की आणि स्वभावाने, खरं सांगायचं तर, थोडी चिडकी आहे.

मला घडवणारा सुतार गावासाठी शवपेट्या करायचा. त्याच्याकडे मॅपलच्या चार फळ्या उरल्या होत्या, त्यांतून मी झाले. माझ्या कोपऱ्यांना एकही खिळा नाही, लाकडाचे दात एकमेकांत बसवलेले आहेत. झाकणात एक फट आणि पुढे पितळी कुलूप. काम झाल्यावर सुताराने मला उलटी करून बुक्क्या मारून पाहिल्या आणि म्हणाला, "माझ्या बाकीच्या पेट्या एकदा बंद झाल्या की झाल्या. तू मात्र दर वेळी उघडायचीस, बरं का!" सगळे हसले. मला मेलीला तेव्हा कळलंच नाही का हसले ते.

आमच्या राज्यात माणसं थोडी. त्यामुळे देशाचा अध्यक्ष निवडताना अख्ख्या राज्याच्या वाट्याला तीनच मतं येतात. राज्यात ज्याच्या बाजूने जास्त लोक, तिन्ही मतं त्याच्या पदरात. त्या तिनांत आमच्या तीनशे लोकांचा वाटा तो किती! पण मतदानाच्या दिवशी हे कुणी बोलून दाखवत नाही. सकाळी पहिला मतदार आला की माझं झाकण उघडायचं, मला त्याच्यासमोर कलती करायची, "बघा, रिकामी आहे" असं म्हणायचं आणि मग कुलूप लावायचं, ही आमची रीत. त्या क्षणी मला फार बरं वाटतं. बायकांना मताचा हक्क मिळाला त्या वर्षी एक बाई पांढरे हातमोजे घालून आली होती. माझ्यापाशी आल्यावर तिने उजव्या हाताचा मोजा काढला आणि उघड्या हाताने मत टाकलं. असे हात मी खूप पाहिले.

पुढे मोठ्या गावांनी मतं मोजायची यंत्रं घेतली. आमच्याकडेही मार्चमधल्या गावसभेत तो विषय निघायचा आणि "तीनशे कागद मोजायला यंत्र कशाला? बोटं झिजली का?" असं कुणीतरी म्हणायचं आणि ठराव पडायचा. म्हणून मी टिकले. पण टिकणं वेगळं आणि निगा वेगळी. निवडणूक संपली की मला टाउन हॉलच्या तळघरात, इमारत गरम ठेवणाऱ्या भट्टीशेजारी ढकलून द्यायचे. माझ्यावर रंगाचे डबे, नाताळच्या दिव्यांच्या माळा. एका हिवाळ्यात तर उंदराने माझ्यात संसार थाटला. भट्टीच्या कोरड्या गरम हवेने शेवटी माझा तळ तडकला. 'आमची जुनी पेटी' म्हणून पाहुण्यांना दाखवायला सगळे पुढे, पण तेलाचं बोट लावायला एक माणूस नाही!

मागच्या निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात माझी तड कुणाच्या तरी लक्षात आली. हॉलिस टिल्टन म्हणाला, "त्यात काय, मी करतो." हॉलिस गाई पाळणारा, मनाने सोनं, पण हातात कसब म्हणाल तर देवाचं नाव. त्याने तडकलेल्या तळावर पातळ प्लायवूडचा तुकडा आत बसवला. माप घेतलं ते डोळ्यांनी. तुकडा एका बाजूला बोटभर आखूड पडला. "चालतंय!" असं म्हणून हॉलिसने हात झटकले. या 'चालतंय'ने जगात किती घोटाळे केले असतील कोण जाणे. माझ्या पोटात आता दोन तळ झाले आणि एका कडेला फट राहिली.

मतदानाच्या दिवशी सकाळपासून बर्फाळ पाऊस होता. टाउन हॉलच्या एका कोपऱ्यात चर्चच्या बायका डोनट आणि सफरचंदाचा गरम सायडर घेऊन बसल्या होत्या. मुख्य टेबलावर ओडेट पेल्टिए. ओडेट चौतीस वर्षं गावाचं दप्तर सांभाळते. जन्म, लग्न, मरण, कुत्र्याचा परवाना, सगळं तिच्या हातून जातं. मतदार आला की ती यादीतल्या त्याच्या नावावर पट्टी ठेवून लाल रेघ मारते. तिची रेघ कधी वाकडी गेलेली मी पाहिली नाही.

आठच्या आधीच बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. एल्व्हायरा स्प्रेग आल्या होत्या. वय शहाण्णव. अर्ध्या गावाला त्यांनी शाळेत शिकवलेलं, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणतात. पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून त्यांना गाडीतच मतपत्रिका नेऊन द्यायची. नियम असा की दोघांनी जायचं, दोन्ही पक्षांचा एकेक. त्या दिवशी ओडेटच्या विरुद्ध पक्षाकडून कामाला हॉलिस होता.

"हॉलिस, चल, बाई आल्यात," ओडेट म्हणाली.

हॉलिसच्या तोंडात डोनट होता. "तू हो पुढे, मी आलोच."

आलोच म्हणणारा माणूस कधी येतो का? ओडेट एकटीच गेली. आमच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात ना, मग दुसरा माणूस कशाला! ती परत आली तेव्हा केस भिजलेले आणि मत कोटाच्या आत जपलेलं. हसत हसत सांगायला लागली, "बाईंनी अजून जुन्या पद्धतीने घडी घातलीय. चिंचोळी, चार पदरी. मी म्हटलं, बाई, आता सरळच टाकतात. तर म्हणाल्या, तू मला शिकवू नकोस, मी तुला शिकवलंय!"

तिने ते मत माझ्या फटीत सोडलं. तोवर माझ्यात पाच-सहाच कागद पडले होते. घडी उभी आली, कडेला घसरली आणि प्लायवूडच्या फटीतून खालच्या तळात जाऊन बसली. मला कळलं. पण मी पेटी. सांगणार कशी?

दिवसभर माझ्यात मतं पडत राहिली आणि मी जीव मुठीत धरून बसले.

संध्याकाळी सातला दार बंद झालं. हॉलिसच्या रेडिओने दोन मिनिटांत सांगून टाकलं की आमच्या राज्यात कोण जिंकलं. आमची मतं अजून कुलपातच होती! कुणी मान वर केली नाही. मोजणीला दोन्ही पक्षांची आठ माणसं बसली. आमच्याकडे कुणाला किती, हे नंतर. आधी नुसते कागद मोजायचे आणि लाल रेघांशी जुळवायचे. रेघा निघाल्या तीनशे बारा. कागद निघाले तीनशे अकरा.

पुन्हा मोजले. तीनशे अकरा. टेबलाखाली पाहिलं, डोनटच्या ताटांखाली पाहिलं, मला उघडून आत डोकावलं. वरून माझा तळ स्वच्छ दिसत होता.

मग रॉस्को मेरो उठला. रॉस्को लाकूडतोड्या, दांडगा माणूस, ओडेटच्या विरुद्ध पक्षाचा. "सकाळी बाईंच्या गाडीपाशी कोण गेलं होतं?" त्याने विचारलं.

"मी," ओडेट म्हणाली.

"बरोबर कोण होतं?"

हॉलिस बुटांकडे बघायला लागला.

"बाईंच्या अंगणात आमच्या उमेदवाराची पाटी आहे," रॉस्को म्हणाला. "तुझ्या उमेदवाराची नाही. एकटी गेलीस, कोटात घालून आणलंस आणि आता नेमकं एकच मत कमी आहे. मी काय समजायचं?"

"मी ते पेटीत टाकलंय, रॉस्को."

"मग पेटीने खाल्लं का?"

हो रे बाबा, हो! मला ओरडावंसं वाटलं. पण माझ्या झाकणाची फट म्हणजे तोंड नव्हे. चौतीस वर्षं सरळ काम केलेली ओडेट माझ्यामुळे चोर ठरत होती आणि मी ठोकळ्यासारखी बसून होते. इतकी लाज मला उंदराच्या वेळीही वाटली नव्हती.

हॉलिस कळवळून म्हणाला, "अगं ओडेट, एक रेघ चुकून जास्त पडली म्हण ना. खोडून टाक. हिशेब जुळला, विषय मिटला. राज्याचा निकालही लागलाय. एका मताने कुणाचं काय अडणार आहे?"

"ती रेघ बाईंची आहे. शहाण्णव वर्षांची बाई असल्या पावसात आली आणि मी लिहू, की ती आलीच नाही?"

"मग बाईंना फोन करू," दुसरं कुणी म्हणालं. "कुणाला मत दिलं विचारू आणि तेवढं धरू."

"खबरदार!" ओडेटचा आवाज चढला. "कुणाला दिलं हे त्यांना विचारायचं नाही. मला चोर म्हणा, चालेल. मी एक मत कमी असं लिहिते, माझी सही करते आणि सकाळी कचेरीच्या किल्ल्या देऊन टाकते. पण फोनला कुणी हात लावायचा नाही."

ती कागद पुढे ओढून लिहायला बसली. तिचे डोळे भरले होते, अक्षर मात्र सरळ होतं.

रॉस्को उभाच होता. त्याचं समाधान झालं नव्हतं, आणि देव त्याचं भलं करो, संशय धरला की तो शेवटपर्यंत धरतो. "मी स्वतः बघितल्याशिवाय काही मानत नाही," असं पुटपुटत तो माझ्याकडे आला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मग थांबला. जन्म लाकडात गेलेला माणूस तो. त्याने आत टकटक केलं, बाहेरून वीत लावली, आतून वीत लावली.

"ही पेटी बाहेरून जेवढी आहे तेवढी आतून नाही. खाली पोकळ वाजतंय. दोन तळ कुणी बसवले हिला?"

हॉलिसचा चेहरा बिटासारखा लाल झाला. "मी... म्हणजे ते, तात्पुरतं..."

रॉस्कोने खिशातला चाकू काढून प्लायवूड उचकटलं. खाली त्या जुन्या उंदराने कुरतडलेला डोनटचा वाळका तुकडा होता आणि त्याच्या शेजारी चिंचोळी, चार पदरी घडी. हुश्श! माझ्या सगळ्या फळ्या सैल झाल्यासारखं वाटलं. ओडेटने लेखणी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडत होती की हसत होती, मला दिसलं नाही. दोन्ही असेल.

रॉस्कोने घडी उचलली आणि उलगडायला घेतली.

"उघडू नकोस!" ओडेट ताडकन उठली. "ते कुणाचं आहे हे इथल्या आठही जणांना माहीत आहे."

रॉस्कोचा हात तिथेच थांबला. सगळे त्या घडीकडे बघत राहिले. गठ्ठ्यात टाकली तरी चार घड्यांचा कागद लपणार थोडाच? उघडताक्षणी आठ जणांना बाईंचं मत कळणार.

रॉस्को खुर्ची ओढून बसला. त्याने गठ्ठ्यातला वरचा कागद घेतला आणि आपल्या जाड बोटांनी त्याची चार पदरी, चिंचोळी घडी घालायला लागला. ती घातली, बाजूला ठेवली, दुसरा घेतला.

"काय करतोयस?" हॉलिसने विचारलं.

"बाईंनी शिकवलेलं काम. बघतोस काय, घे की पन्नासेक!"

मग आठही जण घड्या घालायला बसले. पाऊण तास गेला. हॉलिसच्या घड्या वाकड्या होत होत्या, त्या रॉस्को उलगडून परत घालत होता. कुणीतरी उरलेला सायडर गरम करून आणला. तीनशे अकरा घड्या झाल्या. ओडेटने त्यात तीनशे बारावी मिसळली, सगळ्या माझ्यात ओतल्या, आणि रॉस्कोने मला छातीशी धरून अशी गदागदा हलवली की माझे दात खिळखिळे झाले. मी अजिबात तक्रार केली नाही. मग त्यांनी मला टेबलावर उपडी केली आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं. बाईंचं मत कोणतं, हे मलासुद्धा सांगता येणार नाही.

जाताना रॉस्को ओडेटपाशी थांबला. "मी मघाशी जे बोललो ते—"

"बोललास ते बोललास. हात घातलास म्हणून मी आज ताठ मानेने घरी चालले आहे. जा आता, बायको वाट बघत असेल."

त्या आठवड्यात रॉस्कोने मला मॅपलचा नवा, एकसंध तळ बसवला आणि तीन वेळा तेल पाजलं. आता मी ओडेटच्या कचेरीत फळीवर असते, भट्टीपासून लांब. आणि गाडीपाशी मत न्यायचं असलं की हॉलिस तोंडातला घास टाकून आधी कोट चढवतो.

मित्रांनो, ज्या वस्तूवर चार माणसांचा विश्वास बसलेला असतो, तिला नुसतं मिरवू नका. वर्षातून एकदा तरी तिच्यात हात घालून बघा. आणि माणसावर संशय आला, तर तोही अर्धवट धरू नका, रॉस्कोसारखा तळापर्यंत जाऊन बघा.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत फोन वाजला होता. ओडेटने उचलला. पलीकडे बाई होत्या, आवाज खणखणीत, मी तेव्हा ओडेटच्या टेबलावरच होते, मला ऐकू आला.

"काय गं, काल पावसात भिजलीस. सर्दी नाही ना झाली?"

"नाही, बाई."

"आणि माझं मत?"

ओडेटने यादीतल्या बाईंच्या लाल रेघेवरून बोट फिरवलं. मग ती म्हणाली, "मोजलं, बाई. सगळ्यांच्या बरोबर."

"मोजणारच," बाई म्हणाल्या, "तुझ्या हातात दिलं होतं." आणि फोन ठेवून दिला.