वलगाववरून एक फेरी

सूर्यभाननं डाव्या हातातला दांडा हळूच वर ओढला आणि त्याचा उजवा पाय न विचारताच पुढं गेला. हेलिकॉप्टर जमिनीपासून हातभर उठलं नाही तोच त्याचं नाक भर्रकन उजवीकडे फिरलं. शेजारी बसलेल्या देवानंदनं डावा पाय दाबून ते सरळ केलं आणि हसतहसत पुन्हा खाली टेकवलं.

"याचा पंखा उलटा फिरते, गड्या. याले डावा पाय लागते."

"मालूम हाय मले."

"तुले मालूम हाय, पायाले नाई."

खरंच होतं ते. सूर्यभाननं डोंगरातल्या देवस्थानाला यात्रेकरू नेले-आणले ते जुन्या हेलिकॉप्टरवर. त्याचा पंखा दुसऱ्या अंगानं फिरायचा. जोर वाढवला की उजवा पाय दाबायचा. अकरा हंगाम त्या पायानं हेच केलं होतं. आता घरी बसूनही सहा वर्षं होत आली, पण पाय काही विसरला नव्हता. जित्याची खोड, दुसरं काय!

दुसऱ्या खेपेला त्यानं उजव्या पायाला मनातल्या मनात दम भरला. दांडा वर आला, डावा पाय पुढं सरकला, आणि अकोल्याच्या धावपट्टीवर ते नवं हलकं हेलिकॉप्टर हवेत एका जागी गुमान उभं राहिलं. सूर्यभान श्वास सोडायचं विसरला. इतका आनंद त्याला कितीतरी दिवसांत झाला नव्हता, आणि झाला म्हणून त्याची त्याला लाजही वाटली.

हेलिकॉप्टरची कंपनी हे यंत्र गावोगाव फिरवून वैमानिकांची मतं ऐकत होती. देवानंद कंपनीचाच वैमानिक; डोंगरात दोघं एका खोलीत राहिलेले. त्यानंच फोन करून बोलावलं होतं. सूर्यभाननं घरी मात्र सांगितलं, अकोल्याच्या जुन्या शहरातून ठिबकचे सुटे भाग आणतो. आणि खोटं अंगाशी येऊ नये म्हणून एस.टी.तून उतरल्या उतरल्या ते विकतही घेतले. ती पिशवी त्यानं हेलिकॉप्टरच्या मागच्या आसनावर ठेवली होती.

खाली उतरून तो बोलावलेल्या बाकी वैमानिकांबरोबर सावलीत उभा राहिला. फौजेतून निवृत्त झालेले किसनराव यंत्रावर रागावलेच होते.

"एक बटन दाबलं का इंजिन सुरू! आमी इंजिन सुरू करतानी काट्यावर डोये लावून बसो. तापमान चढलं का जिवाले घोर. आता थे कॉम्प्युटर पाह्यते म्हणे. मंग पायलटनं काय करा, पेपर वाचा?"

"वाचा न काका," प्रणाली म्हणाली. ती नागपूरहून रुग्णांना नेणारं हेलिकॉप्टर चालवायची. "पण मांगचा दरवाजा पाह्यला का? स्ट्रेचर सरळ आत जाते. आमच्या मशीनमंधी पेशंटले तिरपं करून घालावं लागते. एवढा बिमार माणूस, पण शिव्या मलेच देते."

किसनराव हसले, पण मत काही बदललं नाही. मग त्यांनी सूर्यभानकडे मोहरा वळवला.

"तुमी सांगा. कसं वाटलं?"

"बरं हाय," सूर्यभान म्हणाला.

सांगण्यासारखं सगळ्यात जास्त त्याच्याचकडे होतं. कान किती कमी दुखतात, दांडा हातात किती हलका येतो, वाऱ्याचा झोत आला तरी शेपूट कशी जागची हलत नाही. पण एकदा बोलायला लागलो तर थांबणार नाही, ही त्याला भीती होती. तो हेलिकॉप्टरच्या दाराशी गेला आणि बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यानं पत्र्यावरून हात फिरवला.

देवानंद मागोमाग आला.

"या हंगामाले कंपनी धा मशीन डोंगरात पाठवून राहिली. तथलं वारं वळखणारे पायलट पाह्यजेत. येतं का?"

सूर्यभान पत्र्यावरची धूळ बोटानं पुसू लागला.

"मेडिकल संपलं असीन न तुयं? थे करता येते."

"नाई संपलं."

देवानंद पाहतच राहिला. संत्र्याचे भाव पाहून येतो असं सांगून सूर्यभान नागपूरला जायचा आणि वैमानिकाची वैद्यकीय तपासणी करून यायचा. एकदाही त्यानं ती चुकवली नव्हती. बागेला पाणी द्यायला कुठलं मेडिकल लागतं?

"मंग अडते कुठं?"

"शकुनपाशी."

थोरले भाऊ नत्थुजी गेले तेव्हा एका हंगामापुरता म्हणून तो वलगावला आला होता. शेत होतं, बाग होती, आई इंदूबाई होती. पण त्याला बांधून ठेवलं ते या कशानंच नाही. शेत करायला पुतण्या केव्हाच तयार झाला होता. डोंगरातल्या तळावर शकुन, त्याची बायको, त्याच्याबरोबर राहायची. ढग उतरले आणि हेलिकॉप्टर परतायला उशीर झाला की ती जेवायची नाही, रात्री उठून दाराची कडी पाहायची. वलगावला आल्यावर पहिल्याच रात्री अंथरूण घालताना ती म्हणाली होती, "आता झोप लागीन मले." आणि खरंच ती लहान लेकरासारखी झोपली. त्या दिवसापासून सूर्यभाननं घरात हेलिकॉप्टरचं नाव काढलं नव्हतं. तिची झोप मोडून मागायची गोष्ट होती ती. ती त्याच्यानं मागवत नव्हती, आणि सोडवतही नव्हती.

"मले अमरावतीले मशीन न्यायचं हाय," देवानंद म्हणाला. "तू चालव. तथी उतरेपर्यंत हो का नाई थे सांग. आज नावं कळवाची हायेत."

अकोला मागं पडलं. चैत्रातली नांगरलेली काळी रानं खालून सरकू लागली. डावा पाय आता बोलावल्यावाचून येत होता. बऱ्याच वेळानं देवानंद म्हणाला,

"थोडी वाट वाकडी कर. वलगाववरून एक फेरी मार."

सूर्यभाननं नको म्हणायला तोंड उघडलं आणि नाक वलगावकडे वळवलं.

गावातल्या गच्चीगच्चीवर कुरड्या वाळत होत्या. आवाज ऐकून बायकापोरं वर धावली, हात हलवू लागली. शेजारच्या पार्बताबाईंनी तर वर पाहता पाहता स्वतःच्याच कुरड्या तुडवल्या. सूर्यभानच्या गच्चीवर मात्र काहीच नव्हतं. कुरड्या नाहीत, दोरीवर कपडे नाहीत, एक बादलीसुद्धा नाही. मधोमध पदर कमरेला खोचून शकुन एकटी उभी होती.

हेलिकॉप्टर येणार असलं की उडेल ते सगळं आधी घरात न्यायचं, ही तळावर राहिलेल्या बायांची रीत. म्हणजे तिला ठाऊक होतं. हे हेलिकॉप्टर आज अकोल्याहून अमरावतीला जाणार, ही पेपरातली बातमी सूर्यभाननं चार दिवसांपूर्वी गोठ्यात नेऊन टाकली होती. शकुन पेपर वाचत नाही, ही त्याची आपली समजूत!

तो गच्चीभोवती फेरी घेऊ लागला.

शकुननं दोन्ही हात बाजूला आडवे पसरले. तळावरची माणसं वैमानिकाला हातांनी खुणा करत, त्या तिनं बघूनबघून उचलल्या होत्या. हात आडवे म्हणजे थांब, आहेस तिथंच राहा. आता तिनं ते खाली आणून फुलीसारखे धरले की झालं, म्हणजे उतर. तसं झालं तर अमरावतीला उतरून देवानंदला नकार द्यायचा आणि पिशवी उचलून घर गाठायचं, हे सूर्यभाननं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

शकुन बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं तळवे आभाळाकडे वळवले आणि दोन्ही हात खांद्यापासून वर उचलले. त्याला दिसलं नसेल असं वाटलं की काय, तिनं तीच खूण पुन्हा केली, आधीपेक्षा मोठी, रागावल्यासारखी.

"वैनी काय म्हणून राहिल्या?" देवानंदनं विचारलं.

आज रात्रीपासून ही पुन्हा दाराची कडी पाहणार, एवढंच सूर्यभानच्या मनात आलं.

"वर जा म्हणते," तो म्हणाला.

मग त्यानं हातातला दांडा सोडला.

"थोडा वेळ तू धर रे. मले समोरचं दिसून नाई राह्यलं."