अपेक्षित उत्तर

स्टेपलरचा खटका वाजला आणि दिशाने कूस बदलली.

तेजलचा हात तसाच हवेत राहिला. पहाटेचे साडेपाच वाजले होते, सिडकोतल्या त्या दोन खोल्या अजून निजलेल्या होत्या, आणि पोरगी आत्ता उठली तर सगळंच संपलं असतं. दिशाने झोपेतच ओठ चुटूचुटू हलवले, कुठलंसं स्वप्नातलं दूध प्यायली आणि पुन्हा शांत झाली. तेजलने स्टेपलर बाजूला ठेवला आणि सुईदोरा घेतला. उरलेले टाके तिने हातानेच घातले.

पुठ्ठ्यावर सहा धान्यं होती. पाच वाण्याकडची, प्लास्टिकच्या पुड्यांतली. सहावं मधोमध, उघडंच : नागलीचं, म्हणजे नाचणीचं, कणीस. बाळाने मूठ मिटावी तशी त्याची बोटं आत वळलेली. एक दाणा निसटून तिच्या परकरावर पडला, तो तिने उचलून पुन्हा कणसात खोचला. राहिला नाही.

"झालं का कातरकाम?" शकुबाई, तिच्या सासूबाई, चहाचं आधण ठेवायला उठल्या होत्या. "ह्या खेपेला तरी कोरडी ये घरी."

तेजलने दोरा दाताने तोडला. बी.एड.चं हे तिचं दुसऱ्यांदा चाललेलं शेवटचं वर्ष होतं. मागच्या वर्षी वार्षिक पाठाला, म्हणजे बाहेरचे परीक्षक मागे बसून मार्क देतात त्या पाठाला, ती फळ्यापाशी उभी होती आणि खालच्या अंगणात कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. दिशा तेव्हा अडीच महिन्यांची. तेजलला पान्हा फुटला. पोरं आधी गप्प होती, मग मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली. ती फळ्याकडे वळली ती पुन्हा वर्गाकडे वळलीच नाही. नापास. ही गोष्ट तिने फक्त शेखरला सांगितली होती, नवऱ्याला; आणि शेखरने ती हसत हसत आईला.

आता शेखर अंथरुणातूनच म्हणाला, "आज नाही जमलं तर पुरे हं तेजल. मग दिशाकडे बघ, घरात बस."

तो हे रागाने म्हणाला नव्हता. म्हणूनच ते खरं होतं.

*

वार्षिक पाठाची एक रीत आहे. लग्नाआधी हळद, तसा पाठाआधी त्याच पोरांवर तोच पाठ घ्यायचा. टाचणाच्या वहीत दोन रकाने असतात : डावीकडे शिक्षकाने काय विचारायचं, उजवीकडे विद्यार्थ्याने काय म्हणायचं. उजव्या रकान्याला म्हणतात अपेक्षित उत्तर. तालमीत पोरांना तो रकाना पाठ होतो. परीक्षकांना हे ठाऊक असतं, आणि परीक्षकांना ठाऊक आहे हे पोरांनाही ठाऊक असतं.

पाचवी ब चा पट बेचाळीस. त्यातल्या एकेचाळीस जणांनी काल उजवा रकाना घडाघडा म्हटला. बेचाळिसावी चांगुणा. तिचा बाप हिरामण पेठ तालुक्यातून मजुरीला आलेला, शाळेमागच्या बांधकामावर. तिथल्याच पत्र्याच्या खोलीत त्यांचं बिऱ्हाड. "घरी असेल ते धान्य आणा" असं तेजलने सांगितल्यावर बाकीच्यांनी पाकिटातले तांदूळ आणले, आणि चांगुणाने गावच्या जत्रेहून येताना आजीच्या कणगीतलं हे कणीस, वर्तमानपत्रात गुंडाळून, दप्तरात मोडू नये म्हणून सगळी वाट मांडीवर धरून.

काल तेजलने विचारलं, "धान्य संपल्यावर आपण काय करतो?"

अपेक्षित उत्तर : दुकानातून आणतो.

चांगुणाचा हात सगळ्यांच्या आधी वर. "धान सरलं का आमी नाशकात येतो."

वर्ग हसला. चांगुणाही हसली, तिला वाटलं आपण बरोबर सांगितलं. मग आजी नागली कशी भाजते, कशी दळते, आंबील कुणाला आधी वाढतात, सगळं सांगत सुटली. तेजलला थांबवावंसं वाटेना. पहिल्यांदाच त्या वर्गात कुणीतरी तिला काहीतरी खरं सांगत होतं. सात मिनिटं गेली.

मागे बसलेल्या खैरनार मॅडमनी, म्हणजे शाळेतल्या तिच्या मार्गदर्शक बाईंनी, तास संपल्यावर चष्मा पुसला.

"ही उद्या नको."

"मॅडम, पण कणीस तिनंच आणलंय."

"मग कणीस ठेव. पोरगी नको." त्यांनी चष्मा घातला. "हे बघ, मला तुझं वाईट करायचं नाही. मागच्या वर्षी मीच होते ना मागे बसलेली? मीच तुला ओढणी दिली. दुसरी ओढणी नाही माझ्याकडे. आणि हो, हजेरीत तिचा खाडा टाक. परीक्षक डोकी मोजतात."

*

तेजलला एक गोष्ट छान जमायची : पोरांशी बोलणं. तेवढ्याच्याच भरवशावर ती या वाटेला आली होती. आज ते तिने वापरलं.

गेटपाशी चांगुणासमोर ती उकिडवी बसली, तिची वेणी सारखी केली आणि म्हणाली, "तुला एक मोठं काम देऊ? दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

"मला?"

"पाहुण्या बाईंची पांढरी गाडी येईल. त्या उतरल्या की गाडीपाशी थांबायचं. कुणाला हात लावू द्यायचा नाही. आणि कुणाशी बोलायचंही नाही, कुणीही विचारलं तरी. मी बोलवेपर्यंत."

"माझी नागली कोन दावील?"

"मी दाखवीन ना."

"उलटी नका धरू हां, दानं झडतं," चांगुणा म्हणाली आणि गेटच्या खांबाला पाठ लावून ताठ उभी राहिली.

पाठ सुरेख झाला. इतका सुरेख की तेजलला स्वतःचाच आवाज दुसऱ्या कुणाचा वाटत होता. फलकलेखन सरळ, प्रश्न वेळेवर. "धान्य संपल्यावर आपण काय करतो?" आणि एकेचाळीस गळे : "दुकानातून आणतो." परीक्षक बाईंचं पेन चालू होतं. शेवटी त्या स्वतः उठून पुढे आल्या, कणसाला बोट लावलं.

"खरं कणीस. वा. याला म्हणतात शैक्षणिक साहित्य. कुणी आणलं रे?"

हे रकान्यात नव्हतं. पहिल्या बाकावरचा सनी उठला. "चांगुणानं आणलं, मॅडम."

"कुठंय चांगुणा?"

खिडकीतून खालचं अंगण दिसत होतं. पांढरी गाडी, तिच्या शेजारी उन्हात एक निळा फ्रॉक. वर्गातल्या प्रत्येक पोराला तो दिसत होता. सनीने खिडकीकडे बोट करायला हात उचलला.

"आज गैरहजर आहे, मॅडम," तेजल म्हणाली.

सनीने तिच्याकडे पाहिलं. मग हात खाली घेतला आणि बसला. एकेचाळिसांतलं एकही पोर काही बोललं नाही. महिनाभर तिने त्यांना शिकवलं होतं, आणि पोरं शिकली होती.

*

"नव्वदच्या खाली नाही देत त्या, बघ," खैरनार मॅडम स्टाफरूममध्ये म्हणाल्या आणि तिला पेढा दिला. तेजलने शेखरला फोन लावला. "बरं झालं," तो म्हणाला, "दिशाला ताप आहे, आई म्हणते लवकर ये."

वरच्या गॅलरीतून तिने पाहिलं, परीक्षक बाई गाडीपाशी थांबल्या होत्या. वाकून चांगुणाला काहीतरी विचारत होत्या. तेजलचा पेढा जिभेवरच राहिला. चांगुणाने नकाराची मान हलवली. बाईंनी तिच्या गालाला हात लावला आणि गाडी गेली.

तेजलने वरूनच हाताने बोलावलं, तशी चांगुणा जिने चढून धापा टाकत आली. तोंड उन्हाने लाल झालेलं.

"कोनी हात नाय लावला, मॅडम. एक कुत्रं आलतं, हाकललं. त्या बाई इचारत व्हत्या, नाव काय तुझं, साळंत जातं का नाय. मी नाय बोलली. तुमी सांगलं व्हतं ना."

"शहाणी गं माझी," तेजल म्हणाली. तिने भिंतीशी ठेवलेल्या पुठ्ठ्यावरचे टाके उसवून कणीस मोकळं केलं आणि चांगुणाच्या हातात दिलं. कणसाची दोन बोटं मोडली होती. चांगुणाने ते सरळ धरलं, मोडल्या जागेवर अंगठा फिरवला. तेजलने पुठ्ठ्यावर सांडलेले दाणे चिमटीने गोळा केले आणि तिच्या तळहातावर ठेवले. त्या तळहाताला गाडीच्या दाराची धूळ लागलेली होती.

दोघी वर्गात आल्या. टेबलावर हजेरीपट उघडाच होता. चांगुणाने वाकून आपल्या नावाची ओळ शोधली. वाचायला तेजलनेच शिकवलं होतं तिला, या महिन्यात. नावापुढे लाल शाईचा खाडा होता.

"जिन्यात सनी सांगं, तुमी मला गैरहजर सांगली," ती म्हणाली. रागाने नाही, गणित अडलं की विचारायची तशी. मग खिडकीतून खाली, रिकाम्या अंगणाकडे पाहत राहिली.

"मंग मॅडम, मी आज कुठं व्हती?"