उजवी भुवई

"हसताय काय? चार दिवस नळाला टिपूस नाही आणि तुम्ही हसताय?"

"हसत नाहीये हो मी," तक्रारवाले म्हणाले, आणि ते म्हणतानाच त्यांच्या ओठाचा डावा कोपरा वर ओढला गेला. उजवा जागचा हलला नाही. खिडकीपलीकडच्या चौकटीच्या शर्टातल्या माणसाला ते सरळसरळ खिजवणं वाटलं.

"आताही हसताय!"

"चेहऱ्याची नस गेलीय, दादा. पाणी..." ओठ मिटत नसल्यामुळे 'पाणी' हा शब्द तोंडातून फुंकर होऊन बाहेर पडला. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर बसणाऱ्याला तो टाळताही येत नाही.

माणसाने पुढचं ऐकलंच नाही. खिडकीच्या कडेला अभिप्रायासाठी बसवलेल्या डबीवर तीन बटणं होती: हिरवा हसरा चेहरा, पिवळा कोरा, लाल रुसलेला. बंद दार ठोठावावं तसं त्याने लाल बटण पुन्हा पुन्हा ठोकलं आणि तो निघून गेला.

वीस-बावीस वर्षं या खिडकीवर बसल्यामुळे सगळा भाग त्यांना तक्रारवाले म्हणायचा. खरं तर त्यांनी स्वतः कधी कशाची तक्रार केली नव्हती. त्यांची पद्धत साधी होती. माणूस तणतणत आला की ते त्याची समजूत काढत नसत. त्याच्याबरोबर तेही तापत. दोन्ही भुवया कपाळात चढवून "काय सांगता!" म्हणत, टेबलावर हात आपटत, पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हवाल्याला तिथूनच फोन करून झापत. ते इतके खरेखुरे चिडत, की शेवटी तक्रार घेऊन आलेलाच म्हणायचा, "जाऊ द्या हो, तुम्ही कशाला एवढा त्रास करून घेता?"

मग एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून आपोआप गळलं. डॉक्टर म्हणाले, नस सुजलीय, बहुतेकांची काही आठवड्यांत सुधारते. डोळा मिटत नाही तोवर त्यात औषध घाला, वर पट्टी लावा. बरेच महिने गेले. बहुतेकांमध्ये तक्रारवाले नव्हते.

"काका, माझं तुमच्याशी काही वैर नाही," कार्यालयाचे तरुण साहेब त्या लाल बटणाच्या दिवशी म्हणाले. त्यांच्या संगणकावर लाल बटणाच्या मोजणीचा एक उंच लाल खांब दिसत होता. "पण मोजलं की माणूस सुधारतो, असं मानसशास्त्रच सांगतं. महिनाअखेर बघू. नाहीतर खाली जुन्या कागदांच्या खोलीत शांत जागा आहे. पगार तोच."

"तिथे माणसं येतात का?"

"तेच तर बरं आहे ना! कटकट नाही."

घरी जेवताना घास गालात अडकत होता. तो बोटाने सोडवत असताना बायकोने विचारलं, "अहो, रागावलात का?"

"नाही."

"मग असं का बघताय?"

"असंच बघता येतं मला!"

"बघा, रागावलात."

मुलगी मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. ती म्हणाली, "बाबा, आपण म्हणतो, वाईट वाटलं म्हणून रडू आलं. एक सिद्धांत म्हणतो, उलटं आहे. आधी शरीर हलतं, चेहरा हलतो. मेंदू ते वाचतो, आणि मग आपल्याला कळतं की वाईट वाटतंय."

"म्हणजे चेहरा नाही हलला तर वाटायचंही बंद?"

"कमी होत असेल. काही प्रयोगांत तसं दिसलं, काहींत नाही. वाद आहे."

"मग परीक्षेत काय लिहितेस?"

"दोन्ही."

"यांचा अर्धाच चेहरा चालतो," बायको म्हणाली, "मग राग अर्धाच यायला हवा. माझ्या वाट्याला दुप्पट कसा येतो?"

मुलगी हसली. तक्रारवाले हसले नाहीत, कारण तिच्या त्या सिद्धांताने त्यांना नेमकं दुखतं तिथे टोचलं होतं. हल्ली खिडकीवर त्यांना खरोखरच चीड येईनाशी झाली होती. समोरचा पोटतिडकीने बोलत असायचा आणि त्यांचं लक्ष त्याच्या बोटाकडे असायचं. कुठलं बटण दाबणार हा? त्यांना चीड यायची ती फक्त स्वतःच्या गालाची. आरशासमोर भुवई उचलायचा प्रयत्न करता करता एकदा त्यांनी त्या गालावर चापट मारली होती. लागलं मात्र व्यवस्थित.

पुढच्या आठवड्यात एक बाई आली. आई अंथरुणाला खिळलेली, चादरी धुवायला पाणी नाही. ती बोलत होती आणि टेबलावरच्या पंख्याचा वारा तक्रारवाल्यांच्या पट्टी निसटलेल्या उघड्या डोळ्यावर येत होता. डोळा भरला, वाहू लागला. बाई थांबली.

"अहो, तुम्ही कशाला रडता? मिळेल हो पाणी." आणि जाताना तिने हिरवं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी तक्रारवाल्यांनी औषधाची बाटली आणि पट्टी खणातच ठेवली. तिसऱ्या दिवशी पंखा थोडा स्वतःकडे वळवला.

लाल खांब खाली आला. "काका, काय जादू केलीत?" साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "खिडकी तुमचीच."

महिना संपत आला असताना तो चौकटीच्या शर्टाचा माणूस पुन्हा आला. या वेळी तो रांगेत शांत उभा होता. खिडकीशी आला, त्याने तक्रारवाल्यांच्या गालावरून ओघळणारं पाणी पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"बोला," तक्रारवाले म्हणाले.

"काही नाही, काका. त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो."

"पाणी आलं?"

"बघू. टँकर मागवतोय आम्ही. तुम्ही तब्येत सांभाळा." त्याचं बोट हिरव्या बटणाकडे गेलं.

"म्हणजे आलं नाही?"

"राहू द्या ना. तुम्हाला आधीच..."

तक्रारवाले उभे राहिले. "राहू द्या काय? ओरडा! त्या दिवशी ओरडलात तसं ओरडा!"

रांगेतल्या माना वळल्या. माणूस एक पाऊल मागे सरला.

"मी रडत नाहीये! डोळा गळतोय नुसता! तुमच्या घरी पाणी नाही, आणि तुम्ही मला जपताय?"

उजवा गाल तसाच थंड होता. तरी कानशिलं तापली होती, आणि हात टेबलावर केव्हाच आपटून झाले होते. कितीतरी महिन्यांनी. माणूस मात्र घाबरला होता. वेड्याशी बोलावं तसं "बरं, बरं" म्हणत तो दाराकडे निघाला.

"पत्ता तरी सांगा!" तक्रारवाले ओरडले. दारातूनच त्याने पत्ता सांगितला. त्यांनी व्हॉल्व्हवाल्याला फोन लावला, झापलं. मग खणातून बाटली काढून डोळ्यात औषध घातलं, वर पट्टी चिकटवली आणि पंखा भिंतीकडे फिरवला.

"हं, पुढचे कोण?"

पुढच्या माणसाला त्यांचा उरलेला अर्धा चेहरा आवडला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. महिनाअखेरीस लाल खांब होता तिथे परत गेला. साहेबांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी खालच्या खोलीत नवी खुर्ची पाठवली.

तिथे कपाटांच्या भिंती होत्या आणि वर एक झरोका. जुन्या तक्रारी भागांनुसार लावायच्या, एवढंच काम. पहिल्याच दुपारी एक पिवळा पडलेला कागद हाताला लागला. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुणा बाळंतिणीच्या नवऱ्याने लिहिलं होतं, की रोज खालून पाणी वाहून न्यावं लागतं आणि इथे कुणी ऐकत नाही. शाई जागोजागी फुटली होती, एवढं दाबून लिहिलेलं.

तक्रारवाल्यांनी तो उभ्यानेच वाचला. मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचू लागले. त्यांची डावी भुवई वर चढली. उजवी त्यांनी बोटाने उचलून तिच्या बरोबरीला आणली आणि तिथे धरून ठेवली.

"काय सांगता!" ते म्हणाले. या शब्दांना ओठ मिटावे लागत नाहीत. ते स्पष्ट उमटले.