दादा खोलीत असताना

मित्रांनो, मी एक जुना, पाऱ्याचा रक्तदाबमापक आहे. दवाखान्यात मला 'बीपीचं मशीन' म्हणत. पत्र्याची पेटी, काचेची नळी, दंडाला बांधायचा पट्टा आणि दाबायला रबरी फुगा, एवढाच माझा संसार. कारखान्यातल्या कारागिराने मला तपासून पेटी मिटली आणि तो म्हणाला, "हा खोटं बोलायचा नाही." त्या शब्दाला मी जागलो आणि तेच मला भोवले.

आमचे डॉक्टर तसे वाईट नव्हते, पण नियमाचे पक्के. पेशंटबरोबर आत एकच माणूस आणि तोही नात्यातला.

चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी एक बाई यायची. आत तिचा थोरला भाऊ असायचा. बेकरीत काम करणारी तिची मैत्रीण मात्र दोघींचे डबे मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसायची. दोघी एका खोलीत राहत आणि जोडप्याचे असते तसे त्यांचे एकमेकींवर प्रेम होते. भावाला कळले तर तो हात धरून घरी नेणार, ही तिला धास्ती.

पट्टा आवळला की भाऊ सुरू व्हायचा. "डॉक्टर, तुम्हीच समजवा हिला. लग्न झालं की हे बीपीबिपी कुठल्या कुठे पळेल."

"दादा, नंतर बोलू ना," ती म्हणायची. तोवर पारा सरसर वर गेलेला असे.

भीती वाटली की शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागते. छाती धडधडते, नसा आवळतात. समोर वाघ असेल तर ते ठीकच. पण वाघ आपल्याच मायेचा असेल, तुमच्यासाठी सफरचंदे घेऊन येत असेल, तर पळायचे कुठे? डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आणि गोळ्या दिल्या.

एकदा भावाला जमले नाही. मैत्रीण "मी मावसबहीण" असे ठोकून देत आत आली आणि नुसती शेजारी उभी राहिली. पारा शहाण्यासारखा खालीच थांबला. डॉक्टरांनी पुन्हा मोजले, मला टिचक्या मारल्या.

"गेलं हे मशीन कामातून," ते म्हणाले.

इतक्या वर्षांच्या चाकरीचे हे फळ! खोलीतले माणूस बदलले होते, हे कुणाच्या डोक्यातही आले नाही. नवे, आकडे दाखवणारे यंत्र आले. भावासमोर त्यानेही आकडा चढाच दाखवला, पण ते नवे, म्हणून खरे. गोळ्या वाढल्या. मला मैत्रिणीने मागून घरी नेले.

घरी माझा पारा रोज फारच खाली राही. बाईला चक्कर येई.

"डॉक्टरांना सांगू या, गोळ्या जास्त होताहेत," मैत्रीण म्हणाली.

"काय सांगू? दादा असला की वाढतं म्हणून? मग विचारतील, का वाढतं."

शेवटी ती दुकानात काचा घासतानाच कोसळली. हाताला टाके पडले. भाऊ धावत खोलीवर आला. त्याचे डोळे भरले होते. "आता तुला एकटं ठेवणार नाही."

"मी एकटी नाहीये, दादा."

"मग कोण आहे तुझं इथं?"

माझी पेटी उघडीच होती. मैत्रीण दारात उभी होती. बाईने तिच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. भावाने तिची बॅग भरली आणि हात धरून तिला घरी नेले.

आता मी कपाटावर असतो. कधीतरी मैत्रीण मला खाली काढते आणि पट्टा स्वतःच्या दंडाला बांधते. आता तिचा पारा चढतो. मी तोही खरा सांगतो आणि मला त्याची लाज वाटते.

मित्रांनो, माझी काच पुसा, पारा जपा, असले काही मी मागणार नाही. कुणाचा पारा चढलेला दिसला, तर यंत्राला टिचक्या मारण्याआधी खोलीतल्या माणसांना जरा बाहेर पाठवा. आणि बाहेर बाकावर कुणी दोन डबे घेऊन बसले असेल, तर नाते न विचारता त्याला आत घ्या.