चिंधूच्या मक्यातली काणी

मी काणी बोलतेय. मक्याच्या कणसात दाण्यांच्या जागी राखाडी, टम्म गाठी धरतात ना, ती बुरशी मी. माझं नाव काढलं की शेतकरी तोंड वाकडं करतो. त्याला तरी काय बोल लावू? मी त्याच्या घासावरच बसते.

माझा जन्म पालघरच्या डोंगरातल्या एका पाड्यावर, चिंधूच्या उतारावरच्या मक्यात. मी दिसताच तो मला उपटून जाळायला निघाला. आडवी आली त्याची लेक, दीपा.

"बा, नको जालू. ही खातात."

"रोग कोन खातो?"

दीपा दोन वर्षं मुंबईच्या एका हॉटेलात भांडी घासून आलेली. तिथे मेक्सिकोचं जेवण बने. माझीच भावंडं डब्यातून यायची. कांदा-मिरचीवर परतून मक्याच्या पोळीत भरली, की लोक बोटं चाटत. हे ऐकून मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

तिने हा पदार्थ सांगितल्यावर बोईसरच्या हॉटेलातला मुख्य आचारी, उस्ताद सुजीत, तिला म्हणाला होता, "बना के ला. अच्छा लगा तो किचन में रख लूँगा." नाही जमलं, तर दिवाळीनंतर बापाबरोबर वीटभट्टी ठरलेली.

पण चिंधूचा नेम कडक. नवं पीक देवाला दाखवल्याशिवाय घरात शिजवायचं नाही. ते दाखवणार भगत सुका, आणि तो तापाने पडलेला.

"आठ दिस थांब. मका काय पलून जात नाय."

आठाचे पंधरा झाले. मका थांबला, पण माझं कोवळेपण चार दिवसांचं. दीपा रोज येऊन मला बोटाने दाबून बघायची, आणि मी आतून सुकत होते. मला तोंड असतं तर ओरडले असते. तिने बापाचा शब्द मोडला नाही. मोडायला हवा होता.

अखेर पूजा झाली. चिंधूने स्वतः कणीस खुडून लेकीपुढे ठेवलं. "घे, आता शिजव."

सुरी लागली आणि मी फुटले. आत गर नव्हताच, नुसती काळी, कोरडी भुकटी. तरी दीपाने ती कढईत टाकली आणि परतत राहिली. घरभर जळका वास सुटला.

चिंधू उंबऱ्यावर जाऊन बसला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "भट्टीच्या मुकादमाला सांगतो. यंदा आमी दोघं येतो."

दीपाने कढई अंगणात पालथी केली. ती भुकटी म्हणजे माझं बीच; आता मी या मातीत आहे. वर्षानुवर्षं मरणार नाही, असा माझा जन्म. दीपा, पोरी, पुन्हा उगवले तर मला बघितल्याबरोबर जाळ. आशा धरू नकोस.