दस्त्यातली गाठ

आर्लीन होस्टेटरनं सव्वीस वर्षं शवपेट्यांच्या कारखान्यात लाकूड घासलं होतं. पेटी एकदा मातीखाली गेली की कोण बघायला येतंय, असं म्हणून वरवर हात फिरवणारे तिनं तिथे पुष्कळ पाहिले. ती त्यांच्या शेजारी उभी राहून काम करायची, पण जेवायला त्यांच्या बाकावर बसायची नाही.

चोपन्नाव्या वर्षी तिच्या मनानं घेतलं, की एक ठासणीची बंदूक आपल्या हातानं बांधायची. चकमकीवर पेटणारी, आतून गुळगुळीत, आटे नसलेल्या नळीची. वसंतात त्या बंदुकीनं टर्की मारायची आणि नाताळानंतर, फक्त चकमकीच्या बंदुकांना मुभा असते त्या हंगामात, हरीण. त्याआधीच्या जानेवारीत ती मेहुण्याची बंदूक मागून टेकडीवर गेली होती. घोडा आपटला, ठिणगी पडली, रंजकेची चिमूटभर दारू भुर्रकन पेटली आणि मग क्षणभर थांबून बार झाला. हरीण निसटलं, पण तो थांबलेला क्षण तिच्या डोक्यातून जाईना.

बंदूक मुळापासून घडवणं पहिल्या खेपेला कुणालाच जमत नाही. नळी, खटका, दस्त्याचं अर्धवट कोरलेलं लाकूड, बारीकसारीक पितळी सामान असं किट घ्यायचं आणि वर्षभर कानशी मारत बसायचं, अशी रीत. पण किट कुठलं? हिवाळाभर तिनं माहितीपुस्तकं चाळली आणि तिला वीट आला. 'एका शनिवार-रविवारात तयार', 'कौशल्याची गरज नाही', 'आजोबांची बंदूक, आजच्या सोयीनं'. चकचकीत चित्रांत वार्निश मारलेले दस्ते साखरेच्या पाकातून काढल्यासारखे चमकत होते.

"पुस्तकं फेकून दे," वेंडेल राउख म्हणाला. वेंडेल तिच्या वारलेल्या बहिणीचा नवरा आणि तालुक्याच्या ठासणी-बंदूक मंडळाचा चिटणीस. "मे महिन्यात मेळाव्याला चल. पॅप डंकेलबर्गर येतील. पहिली बंदूक त्यांच्याच किटची. आमच्याकडे पद्धतच आहे ती."

पॅप डंकेलबर्गर म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा बंदूककार. त्यांच्या हातच्या दोन बंदुका गावाच्या संग्रहालयात काचेआड होत्या. आर्लीननं त्या लहानपणी पाहिल्या होत्या, नाक काचेला लावून.

मे महिन्यात ती गेली. ओढ्याकाठच्या मैदानात पांढरे तंबू, धूर, आणि हरणाच्या कातड्याचे कपडे घालून घामेजलेले पुरुष. कातड्याला वास येत होता, पुरुषांना त्याहून जास्त. पहिल्या तंबूतल्या माणसानं तिच्या डोक्यावरून वेंडेलकडे बघत विचारलं, "बाईंना हलकी देऊ का? खांद्याला लागत नाही."

"बाई इथे उभ्या आहेत," आर्लीन म्हणाली. "नळी किती लांब?"

"लांबीचं काय घेऊन बसलात? दिसायला गोड आहे की नाही बघा."

दुसऱ्या तंबूत खटक्याचं पोलाद इतकं मऊ, की चकमक दहादा आपटली तरी ठिणगी नाही. विकणारा म्हणाला, "घरी नेलं की पडेल." हवा घरची लागते म्हणे! तिसऱ्यानं नळीवर यंत्रानं खोटा गंज चढवला होता आणि 'जुनी कळा' म्हणून त्याचे वेगळे पैसे लावले होते. आर्लीनला वाटलं, कारखान्यातले सगळे कामचुकार इथे जमून त्यांनी टोप्या तेवढ्या बदलल्यात.

पॅपचं टेबल मैदानाच्या टोकाला, अक्रोडाच्या झाडाखाली होतं. भोवती माणसं टोप्या काढून उभी. पॅप खुर्चीत बसलेले, पांढरी दाढी एका बाजूला तंबाखूनं पिवळी पडलेली. हातात एक प्लास्टिकची बाटली. मधूनमधून ते तिच्यात पिंक टाकत आणि बाटली पुन्हा मांडीवर ठेवत. ती निम्मी भरली होती. आर्लीननं तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं.

"पॅप, ही माझी मेहुणी. पहिली बंदूक बांधतेय."

"शाब्बास," पॅप म्हणाले. आवाज अजून खणखणीत होता. "काय मारायचंय?"

"टर्की आणि हरीण. वीस बोअरची नळी, बेचाळीस इंच. लाकूड मेपल."

"कळतंय की पोरीला!" भोवतालचे हसले. पॅपनी मागच्या खोक्यातून एक किट काढून टेबलावर मांडलं.

नळी चांगली होती. ती दुसऱ्या कारागिराची, त्याचा शिक्का होता. खटका आपटल्याबरोबर ठिणग्यांचा झुबका पडला. आर्लीनला बरं वाटलं. मग तिनं लाकूड हातात घेतलं.

दस्ता जिथे बारीक होतो, जिथे उजवा हात मूठ आवळून धरतो, त्याला मनगट म्हणतात. बाराचा सगळा धक्का त्या मनगटातून जातो. तिथे लाकडाच्या रेषा लांबीनं धावायला हव्यात. या दस्त्यात त्या तिरक्या जाऊन काठाबाहेर पडत होत्या. आणि मनगटाच्या खालच्या अंगाला नाण्याएवढी एक जागा जरा जास्तच नितळ होती.

तिनं अंगठा जिभेला लावला आणि तिथे फिरवला. खरं लाकूड ओल पितं आणि काळवंडतं. भोवतीचं काळवंडलं, मधली वाटोळी जागा तशीच फिकट राहिली. तिथे गाठ होती. कुणीतरी ती सडकी गाठ कोरून काढून भोकात सरस आणि लाकडाचा भुसा ठासला होता आणि वरून झकास घासलं होतं. घासणाऱ्याचा हात चांगला होता. तेच तिला जास्त झोंबलं.

तिला वाटलं, म्हाताऱ्याची नजर गेली असेल. चारचौघांत त्यांची शोभा नको म्हणून ती वाकून हळूच म्हणाली, "पॅप, यात सरस भरलाय. मनगटात. तुम्हाला कुणीतरी फसवलंय."

पॅपनी तिच्याकडे पाहिलं. डोळे निळे आणि अगदी स्वच्छ होते. नजरेला काही झालं नव्हतं. त्यांनी बाटलीत पिंक टाकली, ओठ पुसला आणि टेबलाखालून पोत्यात गुंडाळलेलं दुसरं लाकूड काढलं.

"हे घे," ते तसेच हळू म्हणाले. "हे कळणाऱ्यांसाठी."

आर्लीननं पोतं सोडलं. साखरी मेपल, पाण्यावर वाऱ्याची शिरशिरी उठावी तशा आडव्या लहरी, आणि मनगटातून रेषा सरळ, ओढलेल्या दोरीसारख्या. असं लाकूड सव्वीस वर्षांत तिच्या हातून दोनदा गेलं असेल. तिनं ते खांद्याला लावलं. ते तिथेच उगवल्यासारखं बसलं.

"आणि ते?" तिनं पहिल्याकडे बोट केलं.

"ते जाईल कुणाकडे तरी. पहिली बंदूक भिंतीवरच टांगतात बहुतेक लोक. तू घासकाम करतेस ना? अंगठा लावलास तेव्हाच ओळखलं मी. तू आपल्यातली."

'आपल्यातली' म्हणताना त्यांनी तिच्या मनगटावर थोपटलं. बोटं ओलसर होती. तिनं मनगट सोडवून घेतलं. आणि तरीही ते मेपल तिनं खाली ठेवलं नाही. निदान मिनिटभर तरी नाही. घेऊन टाकावं, वेंडेलच्या गाडीत ठेवावं, गप्प बसावं, असं तिच्या मनात स्पष्ट येऊन गेलं. ते मिनिट तिला पुढे पॅपच्या ओल्या बोटांपेक्षा जास्त नकोसं झालं.

मग तिनं मेपल टेबलावर ठेवलं. "मला ते पहिलं लाकूडच गुंडाळून द्या," ती म्हणाली.

"ते कशाला?"

"मला तेच हवंय."

पॅपनी खांदे उडवले आणि पैसे घेतले.

गाडीशी पोचल्यावर तिनं दस्ता वेंडेलपुढे धरला. "तुला माहीत होतं?"

वेंडेलनं दस्त्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "हे बघ, पॅपना चांगलं लाकूड आता फार मिळत नाही. जावई आणतो ते वापरतात. नावाचा माणूस आहे. त्यांच्यामुळे मेळावा भरतो. मंडळातल्यांना ठाऊक आहे, ते दुसरीकडून घेतात."

"आणि नवे?"

"नव्यांचं काय... पहिला पॅनकेक करपतोच, आर्लीन."

ती त्याच्या मानेकडे बघत होती. मानेवरचे केस डाव्या बाजूला वर, उजव्या बाजूला खाली कापलेले होते. गावातल्या निम्म्या पुरुषांचे केस गेल्या सहा महिन्यांत असेच तिरके होते, कारण न्हावी मार्लिन फेटरॉल्फ डाव्या हातानं कात्री धरायला शिकत होता. ऑक्टोबरात पहिल्याच बाराला त्याच्या बंदुकीचा दस्ता मुठीतच मोडला आणि उजव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली. चुकून नळीत दोनदा दारू ओतली त्यानं, असं सगळे म्हणाले. सगळ्यांत आधी म्हणाला होता वेंडेल.

"मार्लिनची बंदूक कुणाच्या किटची होती?"

वेंडेलनं गाडीची किल्ली काढली, परत खिशात घातली. "त्याला दवाखान्यात मीच नेलं होतं. महिनाभर दर रविवारी डबा पोचवला मी त्याला."

"मी ते विचारलं नाही."

"आता सांगून त्याची बोटं वळणार आहेत का? मी त्याच्याकडेच केस कापतो अजून. लोक हसतात माझ्या मानेला. पण जातो."

आर्लीनला खरोखर उमासा आला. ती गाडीपलीकडे गेली, गवतात वाकली, पण काही पडलं नाही. नुसतं तोंड कडू झालं. वेंडेल लांबून विचारत होता, पाणी देऊ का. ती दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतून घरी गेली.

सोमवारी न्हाव्यांची सुट्टी. मार्लिन दुकानात एकटाच होता, एका कापडी बाहुल्याच्या डोक्यावर डाव्या हाताचा सराव करत. त्याला वाटलं, ती केस कापायला आली.

"बायकांचे केस अजून घेत नाही हं मी. धीर होत नाही."

तिनं दस्ता खुर्चीवर आडवा ठेवला. "मार्लिन, अंगठा ओला कर आणि इथे फिरव."

त्यानं फिरवला. फिकट डाग उमटला. तिनं काय ते सांगितलं. थोडक्यात, न सजवता. मार्लिन ऐकून घेऊन आत गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली बंदूक घेऊन आला. मोडल्यापासून त्यानं ती उघडली नव्हती. कागद सुटला तसा जुन्या दारूचा सडक्या अंड्यांसारखा वास आला. दस्ता मोडलेल्या जागी लाकडाची कुसळं होती, आणि मधोमध गुळगुळीत, पिवळट, टणक असा एक गोळा. लहान मुलानं तोंडातून काढून चिकटवलेल्या गोळीसारखा.

"मी एकदाच ओतली होती," मार्लिन म्हणाला. "मला आठवत होतं, एकदाच. पण सगळे म्हणाले, तेव्हा मलाच खात्री वाटेना. बायकोला म्हणालो, मी कसा गाढव बघ." मग त्यानं विचारलं, "वेंडेलला ठाऊक होतं?"

"हो."

"शुक्रवारी तो या खुर्चीत बसला होता. म्हणाला, मार्लिन, नवशिक्यांचं होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस." मार्लिननं खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल उचलला आणि दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर टाकावा तसा कचऱ्यात टाकला.

मंडळाच्या जूनच्या बैठकीला दोघं गेली. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, हॅम आणि घेवड्याच्या सुपाच्या वासात, त्यांनी मोडका दस्ता आणि भरलेला दस्ता टेबलावर शेजारी शेजारी ठेवला. आर्लीननं ओल्या फडक्यानं पुसून डाग दाखवला. चाळीस माणसं होती. कुणी सूप ढवळत राहिलं, कुणी टोपीचा काठ चाचपला. अध्यक्ष म्हणाले, चौकशी करू. एकजण म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला या वयात असं करणं बरं नाही. पॅप आले नव्हते. वेंडेल इतिवृत्त लिहीत होता. मान खाली घालून लिहीतच राहिला. काय लिहिलं, देव जाणे.

"माझ्या बोटांचं ताठ व्हायचं वय होतं का?" एवढंच मार्लिन म्हणाला.

बाहेर गाड्यांपाशी एक माणूस अंधुक उजेडात जवळ आला आणि कुजबुजला, "बरं केलंत. मला दोन वर्षांपासून माहीत होतं." असं म्हणून त्यानं हात पुढे केला. आर्लीननं हात घेतला नाही. गप्प बसलेल्या चाळिसांपेक्षा हा कुजबुजणारा एक तिला जास्त ओंगळ वाटला.

पॅपचं टेबल पुढच्या वर्षीही लागलं. फक्त त्यावर लाकूड नव्हतं, हत्यारं होती आणि सह्या केलेले फोटो. माणसं टोप्या काढून उभी होतीच. जावयाचं कुणी नाव काढलं नाही. वेंडेलनं चिटणीसपद सोडलं, आणि केस शेजारच्या गावात कापू लागला.

बैठकीनंतरच्या महिन्यात किट शेवटी मार्लिननंच निवडून दिलं. त्याच्याइतका अभ्यास मंडळात कुणाचा नव्हता. बंदूक बांधायच्या आधी तो तीन वर्षं वाचत होता. "एकाच दुकानातून सगळं घेऊ नकोस," त्यानं सांगितलं. "नळी एकाची, खटका दुसऱ्याचा. लाकूड लहरीदार नको. साधा काळा अक्रोड घे, आणि कोरण्याआधी मनगटाचे फोटो मागव. न देणाऱ्याचा फोन ठेवून दे." चार जणांचे फोन तिनं ठेवले. पाचव्या ठिकाणी एका बाईनं न विचारता दोन्ही अंगांचे फोटो पाठवले, खाली लिहिलं होतं, 'डाव्या बाजूला टाचणीएवढी गाठ आहे, चालत असेल तर सांगा.' आर्लीननं त्याच दिवशी सांगितलं, चालेल.

ऑगस्टमध्ये खोकं आलं. तिनं लाकूड काढलं, तासभर खिडकीत उलटंपालटं केलं. टाचणीएवढी गाठ खरीच होती, घट्ट, आपल्या जागी. तरी तिनं अंगठा ओला करून सगळीकडे फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा. आता प्रत्येक लाकडाशी आपण असंच करणार, हे तिला कळलं आणि त्या म्हाताऱ्याचा नव्यानं राग आला. मग तिनं कानस घेतली.