चौकातली उताणी घोडी

आर्वीच्या बसस्थानकाजवळच्या चौकात घोड्याचा पुतळा बसवायचा असं व्यापाऱ्यांच्या समितीनं ठरवलं, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच घोडा होता. पुढचे दोन पाय उचललेला, मान ताठ, शेपटी वाऱ्यावर. पण हे काम दिलेल्या शिल्पकार नंदिनीनं बसवली ती घोडी पाठीवर पडलेली होती. कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या लोखंडी भंगाराचे तुकडे जोडून केलेली. पोट आभाळाकडे, चारही पाय वर, मान एका अंगाला कलंडलेली.

ताडपत्री निघाली त्या दिवशी टाळ्या वाजायला उशीर झाला आणि मग त्या वाजल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी कोणी तिच्यापाशी उदबत्त्या खोचल्या. नंतर कोणी तिच्यावर पांढरी चादर घालून गेलं. कॉलेजची पोरं शेजारी उताणी झोपून फोटो काढू लागली. हिच्यावरचा स्वार कोण, त्याला कुठं पाडलं, असे सवाल मोबाईलवर फिरू लागले आणि विचारणाऱ्यांचा सूर चढत गेला. वराती मागच्या बोळातून जाऊ लागल्या. मेलेल्या घोड्यासमोरून नवरदेव कोण नेणार?

ती घोडी मेलेली नाही हे कौशल्याबाईंना पाहताक्षणी कळलं होतं. ती त्यांची रेशमा होती.

मोतीलाल आणि कौशल्याबाई या नवरा-बायकोचा धंदा वरातीच्या घोडीचा. वरात पोचवून पांढरीशुभ्र रेशमा घरी आली की मागच्या अंगणात तिचा साज उतरायचा. मग ती मातीत एक फेरी घ्यायची, गुडघे टेकायची आणि पाठीवर लोळायची. चारही पाय हवेत, घशातून समाधानाचा हुंकार. लोळून झालं की तिचं जेवण. आंजीच्या बौद्ध वस्तीतली नंदिनी लहानपणी शाळेसाठी शेजारी मामाकडे राहायची. ती भिंतीवर बसून हे कागदावर उतरवायची आणि कौशल्याबाई तिला चहा द्यायच्या.

पण ही गोष्ट अंगणाबाहेर न्यायची नसते. या धंद्यात गिऱ्हाइकासमोर घोडीला लोळू देत नाहीत. लोळणारी घोडी पाहिली की लोक म्हणतात, हिचं पोट दुखतंय, बिमार जनावर आणलं. रस्त्यात रेशमानं गुडघे वाकवले की मोतीलाल लगामाला हिसका द्यायचे. म्हणून गावानं घोडी पाहिली होती ती फक्त उभी, सजवलेली.

“आपण सांगाव का लोकायले?” ताडपत्री निघाली त्याच संध्याकाळी कौशल्याबाईंनी विचारलं होतं.

“अन् काय सांगतं? आमची घोडी लोळते म्हून बोंबलत फिरू?” मोतीलाल म्हणाले. “पुंडलिकरावच्या पोराची वरात आपल्याकडं हाय. त्यायच्यामागं सारा कापूस बाजार हाय. चूप राय.”



पुंडलिकराव आडत व्यापारी आणि समितीचे अध्यक्ष. आपल्या धीरजची वरात बोळातून जाणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं आणि लग्नाच्या दुपारी चौकात जेसीबी आणला. वरात तिथूनच निघणार म्हणून मोतीलाल आणि कौशल्याबाई सजवलेली रेशमा घेऊन आले, तेव्हा चौथऱ्याभोवती गर्दी जमली होती. जेसीबी आणि लोखंडी घोडीच्या मधे नंदिनी एकटी उभी होती.

“बाजूले हो पोरी,” पुंडलिकराव म्हणाले. “आमी घोडा मांगतला होता, मयत नाई.”

“मेलेली नाही काका. लोळून राह्यली.”

“लोळाले ते काय गाढव हाय?”

गर्दी हसली. मागून कोणी बोललं, “हिच्या घरचं कोण बसलं घोड्यावर, म्हून हिले समजन?” हसणं अर्ध्यात थांबलं. पण बोलणाऱ्याला कोणी गप्प केलं नाही.

नंदिनीनं मोतीलालकडे पाहिलं. “काका, तुम्हीच सांगा ना यांना.”

सगळे वळले. मोतीलाल रेशमाच्या कपाळावरचा तुरा नीट करत राहिले. “मले काय समजते त्यातलं,” ते म्हणाले. “लोखंड हाय ते.”

मग नंदिनीनं कौशल्याबाईंकडे पाहिलं. तिनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

जेसीबी सुरू झाला. दोघांनी नंदिनीला दंडाला धरून बाजूला केलं. बकेट वर उठलं आणि त्याची सावली लोखंडी खुरांवर पडली. रेशमा कान मागे टाकून दचकली. कौशल्याबाई वाकल्या आणि त्यांनी खोगिराचा पट्टा सोडला.

“काय करून राह्यली?” मोतीलाल दबक्या आवाजात म्हणाले.

“ओझं उतरवून राह्यली.”

खोगीर पडलं, जरीची झूल पडली. जेसीबीवाल्यानं बकेट तसंच अधांतरी ठेवलं. कौशल्याबाईंनी रेशमाला चौथऱ्यालगतच्या मुरुमाच्या ढिगापाशी नेलं आणि लगाम काढून घेतला.

रेशमा उभीच राहिली. मान खाली, पाय ताठ. ती हिसक्याची वाट पाहत होती.

“झाला तमाशा?” पुंडलिकराव म्हणाले. “चला, लावा मशीन.”

कौशल्याबाई नव्या लुगड्यानिशी त्या मुरुमावर खाली बसल्या. अंगणात रोज म्हणायच्या तेच हळूच म्हणाल्या, “चाल माय. झालं आजचं काम.”

रेशमानं माती हुंगली. खुरानं उकरली. एक फेरी घेतली, गुडघे टेकले, आधी कुशीवर पडली आणि मग अंग झोकून देऊन पाठीवर आली. चारही पाय वर. मान एका अंगाला, लोखंडी घोडीची होती तश्शीच. पांढरं अंग तांबडं होत गेलं.

चौकात फक्त तिचा हुंकार ऐकू येत होता.

“अवं, हे त जित्ती हाय,” एक म्हातारी म्हणाली आणि हसणं पसरत गेलं. जेसीबीवाला खाली वाकून दोन्ही घोड्या पाहत होता. त्यानं बकेट जमिनीला टेकवलं, मशीन बंद केलं. “मले नाई जमत शेटजी. दुसरा कोणी पाहा.”

पुंडलिकरावांनी लोखंडाकडे पाहिलंच नाही. ते रेशमाकडे पाहत होते. “या मातीनं भरलेल्या घोडीवर बसवू काय आता धीरजले?” ते म्हणाले. “मोतीलाल, घरी ने तुह्यी घोडी. आमी गाडी सजवतो. अन् यापुढं बाजारातल्या कोणाच्याच लग्नाले येजो नको.”

ते गेले. त्यांच्यामागून निम्मा चौक गेला. जेसीबी तिथंच उभा राहिला.

रेशमा उठली, तिनं अंग झाडलं. मुरुमाची धूळ मोतीलालच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर उडाली. त्यांनी ती झटकली नाही.

“काय होईन ते तुले माहीत होतं,” ते बायकोला म्हणाले.

“होतं.”

नंदिनी जवळ आली, तिला काही बोलायचं होतं. कौशल्याबाईंनी झूल उचलून तिच्या हातात कोंबली. “धर. घरापावतो चाल.”

मोबाईल घेतलेली एक मुलगी गर्दीतून पुढं झाली. “काका, आणखी एकडाव लोळवा ना. माह्या व्हिडिओ राह्यला.”

मोतीलालनी खोगीर खांद्यावर घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी लोखंडी घोडीकडे मान वर करून नीट पाहिलं.

“नाई,” ते म्हणाले. “आता ते जेवते.”